जुनंच पेडल ‘प्लस’ म्हणून गळ्यात: छोटं मल्टी-इफेक्ट्स बदलण्याआधी हे वाचा

पुण्यात ऑर्केस्ट्रामध्ये गिटार वाजवणाऱ्या एका वादकाने गणपतीच्या कार्यक्रमांआधी आपलं झूम कंपनीचं एमएस-५०जी हे मल्टी-इफेक्ट्स पेडल (गिटार आणि अँपच्या मध्ये जोडून आवाजावर अनेक इफेक्ट्स चढवणारं, पायाने दाबायचं छोटं डिजिटल यंत्र) एक्स्चेंजला दिलं, वर साडेसहा हजार रुपये मोजले आणि त्याचं नवं मॉडेल, एमएस-५०जी प्लस, घेतलं. निदान त्याला तसं सांगितलं होतं. प्रत्यक्षात हातात आलं ते दुसऱ्या कुणीतरी वापरलेलं साधं एमएस-५०जीच, फक्त त्यात फर्मवेअरची, म्हणजे आतल्या सॉफ्टवेअरची, ३.० आवृत्ती भरलेली. ही आवृत्ती कंपनीच्या संकेतस्थळावरून फुकट मिळते. विकणारा माणूस फोनवरून जुन्या वाद्यसामानाची खरेदी-विक्री करतो. त्याचं नाव इथे देत नाही. त्याची पद्धत मात्र पायरी-पायरीने सांगायला हवी, कारण ती कुठल्याही छोट्या मल्टी-इफेक्ट्स पेडलच्या सौद्यात जशीच्या तशी वापरता येते.

पहिली पायरी म्हणजे तुमच्याकडचं पेडल बिघडत चाललंय असं तुमच्या मनात भरवणं. त्या वादकाचं पेडल विक्रेत्याने आणखी तीन पेडल्ससोबत एकाच अ‍ॅडॉप्टरवरून, फांद्या फुटलेल्या वायरने जोडलं. डिस्टॉर्शन (गिटारचा आवाज मुद्दाम फाटका करणारा इफेक्ट) चालू केल्याबरोबर बारीक शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. ‘आतली चिप गेली, आता हे फार दिवस चालणार नाही,’ असं निदानही लगेच झालं. चिपला काहीही झालेलं नव्हतं. मल्टी-इफेक्ट्स हे डिजिटल यंत्र आहे. त्याच्या प्रोसेसरची घरघर सामाईक ग्राउंडमधून (सगळ्या पेडल्सच्या विजेच्या एकाच परतीच्या तारेतून) शेजारच्या पेडलमध्ये शिरते आणि जास्त गेनच्या (सिग्नल खूप वाढवणाऱ्या) डिस्टॉर्शनमधून मोठी होऊन ऐकू येते. शिवाय साध्या अ‍ॅनलॉग ओव्हरड्राइव्हला थोडेच मिलिअँपिअर लागतात, तर एमएस-५०जीला कंपनी ९ व्होल्ट डीसी, ५०० मिलिअँपिअर आणि मध्यभागी मायनस असलेला अ‍ॅडॉप्टर सांगते. एका लहान अ‍ॅडॉप्टरवर चार पेडल्स टांगली की आवाज येणारच.

याची खातरजमा पाच मिनिटांत होते. एमएस-५०जी दोन एए सेलवरही चालतं. अ‍ॅडॉप्टर काढा, नवे सेल घाला, बाकी सगळी पेडल्स सोडवा आणि गिटार, हे एकच पेडल आणि अँप एवढंच जोडा. शिट्टी गेली तर दोष वीजपुरवठ्याचा आहे. तेव्हा पेडल बदलण्यापेक्षा प्रत्येक पेडलला स्वतंत्र, आयसोलेटेड आउटपुट देणारा पॉवर सप्लाय घ्या, आणि घेताना त्याच्या त्या एका आउटपुटवर किती मिलिअँपिअर मिळतात ते वाचा. बऱ्याच सप्लायमध्ये एकेक आउटपुट १०० मिलिअँपिअरचंच असतं, ते डिजिटल पेडलला पुरत नाही. घरातल्या कीबोर्डचा अ‍ॅडॉप्टर मात्र चुकूनही लावू नका. अनेक कीबोर्डचे अ‍ॅडॉप्टर १२ व्होल्टचे आणि मध्यभागी प्लस असलेले असतात. पिन बरोबर बसते, आणि पेडल तिथेच जळू शकतं.

दुसरी पायरी आवाजाच्या तुलनेची, आणि इथे जाणते वादकही फसतात. विक्रेत्याने जुनं पेडल मिक्सरला लावलं तेव्हा त्यात नुसतं डिस्टॉर्शन होतं. ‘नवं’ लावलं तेव्हा डिस्टॉर्शनच्या पुढे अँप मॉडेल आणि कॅबिनेट (खऱ्या अँपची आणि त्याच्या स्पीकरच्या खोक्याची डिजिटल नक्कल) चालू होतं. गिटारच्या अँपचा स्पीकर वरच्या टोकाच्या कंपनसंख्या आपोआप कापतो. मिक्सर आणि पीए (कार्यक्रमाचे मोठे स्पीकर) कापत नाहीत. त्यामुळे कॅबिनेट सिम्युलेशनशिवाय थेट मिक्सरमध्ये गेलेलं कुठलंही डिस्टॉर्शन चरचरीत, माशी घोंगावल्यासारखं लागतं, मग पेडल कितीही महाग असो. जुन्या एमएस-५०जीमध्येही अँप मॉडेल्स पहिल्यापासून आहेत, पण ती चालूच केली नव्हती. उलटंही घडतं: कॅबिनेट चालू ठेवून पेडल खऱ्या गिटार अँपला लावलं तर आवाज कोंदट होतो, आणि विकणारा म्हणतो, ‘बघा, जुन्याचा टोन मेलेला आहे.’

त्यात ‘नव्या’ पेडलची पातळी थोडी वर ठेवलेली होती. दोन आवाजांत एक-दोन डेसिबलचा फरक असला तरी मोठा आवाज कानाला जास्त चांगला वाटतो, त्यात वादकाचा काही दोष नाही. म्हणून तुलना करायची तर केबल तीच, इनपुट तेच, वीजपुरवठा तोच. आधी दोन्ही पेडल्स बायपासमध्ये (इफेक्ट बंद, गिटारचा आवाज तसाच पुढे) ठेवून आवाज समान येतोय का ते पाहा. मग दोन्हींत एकाच जातीचे इफेक्ट्स त्याच क्रमाने लावा, कॅबिनेट दोन्हीकडे चालू किंवा दोन्हीकडे बंद ठेवा, आणि मिक्सरच्या मीटरवर पातळी जुळवा. विकणारा याला कंटाळत असेल, घाई करत असेल, तर सौदा तिथेच सोडा.

तिसरी पायरी ‘प्लस’ची. वादकाच्या स्वतःच्या पेडलमध्ये सुरुवातीचं फर्मवेअर होतं. २०१२ साली एमएस-५०जी आलं तेव्हा त्यात ५५ इफेक्ट्स होते. पुढे २.० आवृत्तीत १०० झाले आणि ३.० मध्ये १७२. त्याने कधी अपडेटच केलेलं नसल्याने ‘नव्या’ पेडलची लांबच लांब यादी पाहून त्याची खात्री पटली. विक्रेत्यानेही त्याच आकड्यावर बोट ठेवलं होतं: ‘तुमच्यात किती होते, यात १७२ आहेत.’ चोरी पकडून देणारा पुरावा नेमका हाच आकडा होता. २०२३ च्या खऱ्या एमएस-५०जी प्लसमध्ये १०० इफेक्ट्स आहेत, म्हणजे जुन्याच्या शेवटच्या आवृत्तीपेक्षा कमी. खोक्यावर किंवा पेडलवर प्लसची खूण का नाही, या प्रश्नाला ‘बाहेरून आलेला लॉट आहे, आतलं सॉफ्टवेअर प्लसचं आहे’ असं उत्तर मिळालं होतं.

फर्मवेअर भरून एमएस-५०जीचं प्लस होत नाही. ती दोन वेगळी यंत्रं आहेत आणि स्क्रूड्रायव्हर न उचलता ओळखता येतात. यूएसबीचं भोक पाहा. जुन्याला मिनी-बी आहे, जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांना असायचं तसं. प्लसला टाइप-सी आहे, आजच्या फोनला असतं ते. मग पॅचेसच्या, म्हणजे साठवून ठेवलेल्या इफेक्ट्सच्या मांडण्यांच्या, यादीत शेवटपर्यंत जा. जुन्यात ५० पॅचेसवर यादी संपते, प्लसमध्ये १०० आहेत. पुढच्या पट्टीवरची अक्षरं नखाने हलकेच चाचपा, वरून चिकटवलेल्या अक्षरांची कड नखाला लागते. आणि तळाच्या लेबलवरचा अनुक्रमांक खोक्यावरच्या अनुक्रमांकाशी अंक-अंक जुळवा. या प्रकरणात खोकं वेगळ्याच पेडलचं निघालं.

‘मी अपडेट करून देतो, हजार रुपये होतील’ हा याच धंद्यातला छोटा प्रकार. अपडेटला लागतं ते एवढंच: संगणक, कंपनीच्या संकेतस्थळावरचा त्या मॉडेलचा अपडेटर आणि डेटा वाहून नेणारी यूएसबी केबल. बरीच अडचण केबलपाशीच असते. नुसत्या चार्जिंगच्या केबलने पेडलला वीज मिळते, पण संगणकाला ते दिसत नाही, आणि लोकांना वाटतं पोर्ट गेला. मनाजोगत्या पॅचेसची प्रत्येक सेटिंग आधी कागदावर उतरवा किंवा स्क्रीनचे फोटो काढा, कारण अपडेटमध्ये ते पुसले जाऊ शकतात. अपडेट चालू असताना केबल हलवू नका. लॅपटॉप चार्जरला लावून ठेवा.

मुळात बदल हवा का, हा प्रश्न विकणाऱ्याच्या समोर बसून सोडवायचा नाही. घरी कागद घ्या आणि वाजवताना नेमकं काय अडतंय ते लिहा. जुनं आणि प्लस, दोन्हींत एका वेळी सहाच इफेक्ट्स चालतात, त्यामुळे लांब साखळीसाठी प्लस घेण्यात अर्थ नाही. इफेक्ट्सची साखळी भरताना प्रोसेसरची क्षमता संपल्याची सूचना येत असेल तर जड रिव्हर्ब किंवा अँप मॉडेल काढून पाहा, बहुतेकदा तेवढ्यावर भागतं. ५० पॅचेस खरोखर भरले असतील, एका कार्यक्रमाला साठ-सत्तर गाणी वाजवावी लागत असतील, तर प्लसच्या १०० पॅचेसचा उपयोग आहे. वाह किंवा व्हॉल्यूम पायाने हवं असेल तर मात्र प्लस घेऊनही तुमची गरज भागणार नाही, कारण दोन्ही पेडल्सना एक्स्प्रेशन पेडल, म्हणजे पायाने पुढे-मागे झुकवायची पट्टी, नाही. तिथे त्याच कंपनीचं जी१एक्स फोरसारखं, एक्स्प्रेशन पेडल अंगचंच असलेलं यंत्र पाहावं. संगणकावर यूएसबीतून थेट रेकॉर्डिंग करायचं असेल तर जुन्या एमएस-५०जीचा यूएसबी त्या कामाचा नाही, त्यासाठी वेगळा ऑडिओ इंटरफेस लागतो. आणि तक्रार फक्त ‘मिक्सरमध्ये टोन वाईट येतो’ एवढीच असेल, तर आधी कॅबिनेट चालू करून पाहा. कित्येक एक्स्चेंज या एका सेटिंगपाशी थांबले असते.

तरीही वापरलेलं पेडल घ्यायचंच असेल तर किमान अर्धा तास ते चालू ठेवून वाजवा. काही दोष यंत्र तापल्यावरच उघडे पडतात. नॉब एकेक खटक्याने, अगदी सावकाश फिरवा. आकडा ३४ वरून ३५ व्हायला हवा. तो ३६ झाला, मागे ३३ ला गेला, तर एन्कोडरचे (नॉबखालच्या फिरत्या स्विचचे) संपर्क झिजलेत किंवा धूळ गेली आहे. फूटस्विच बुटाने, रंगमंचावर दाबतो तसा, वीसेक वेळा दाबा. एका दाबात इफेक्ट चालू होऊन लगेच बंद होत असेल तर स्विच संपत आलाय. प्लग जॅकमध्ये घालून हलकेच हलवा, खरखर आली तर जॅकची सोल्डर सुटलेली असू शकते. सेलचं झाकण उघडून पत्र्याच्या टोकांवर पांढरी-हिरवट पूड आहे का ते पाहा. स्क्रीन उन्हात आणि अंधारात दोन्हीकडे बघा, म्हणजे मेलेल्या रेषा दिसतात. एक पॅच बदलून साठवा, वीज काढा, पुन्हा लावा आणि तो तसाच राहिलाय का ते तपासा. तळाच्या स्क्रूंची डोकी घासलेली असतील तर पेडल कुणीतरी उघडलंय, आणि ते का उघडलं हे सांगणं विकणाऱ्याचं काम आहे.

एक्स्चेंजच्या सौद्यात तुमचं पेडल हीसुद्धा रक्कमच आहे. या वादकाने आपलं पेडल आधी देऊन टाकलं, पावती घेतली नाही, त्याचा अनुक्रमांकही लिहून ठेवला नाही. ‘बिल घेतलंत तर जीएसटी वाढेल’ असं सांगून बिलाचा विषयच संपवला गेला. आपल्या पेडलच्या तळाचा फोटो आधी काढून ठेवा. कागदावर चार ओळी लिहून दोघांच्या सह्या घ्या: कोणतं मॉडेल दिलं, त्याचा क्रमांक, कोणतं मॉडेल घेतलं, त्याचा क्रमांक, रक्कम, तारीख. मॉडेलचं पूर्ण नाव लिहा, ‘प्लस’ या शब्दासकट. रोख देण्यापेक्षा यूपीआयने द्या, म्हणजे व्यवहाराचा क्रमांक राहतो. आपण विकणारे असू तेव्हा समोरचा ‘पैसे पाठवायला क्यूआर पाठवतो, स्कॅन करून पिन टाका’ म्हणाला तर फोन ठेवा. पैसे मिळवायला पिन कधीच लागत नाही, पिन टाकला की पैसे जातात. पेडल पाहण्याआधी कुरिअरसाठी आगाऊ रक्कम मागणाऱ्यालाही नकार द्या.

फसवणूक झालीच तर पहिल्या दिवशीच हालचाल करा. पैसे ऑनलाइन गेले असतील तर १९३० या क्रमांकावर फोन करा आणि सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार नोंदवा. लवकर कळवलं तर रक्कम पुढच्या खात्यात गोठवता येण्याची शक्यता असते. विकणारा दुकानदार किंवा नियमित व्यापारी असेल तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. त्याने भागलं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर त्याला शुल्क नाही. एखाद्या खासगी व्यक्तीने स्वतःची वस्तू विकली असेल तर हा मार्ग सहसा लागू होत नाही, तिथे पोलीस ठाणंच गाठावं लागतं. सोबत जाहिरातीचा स्क्रीनशॉट, सगळे चॅट, यूपीआयचा व्यवहार क्रमांक, पेडलच्या तळाचा आणि यूएसबी पोर्टचा फोटो, पॅचेसची यादी संपते तिथला स्क्रीनचा फोटो आणि खोक्यावरच्या क्रमांकाचा फोटो न्या. आलेलं पेडल उघडू नका, त्यात पुन्हा फर्मवेअर भरू नका. ते आलं त्या अवस्थेत ठेवा.