पोस्टकार्डं जमवायची आहेत, पण कुठली?

जगभरची पोस्टकार्डं जमवायची असं मनात आलं की दोन वाटा दिसतात. अनोळखी लोकांशी देवाणघेवाण करून टपालानं नवी कार्डं मिळवायची, नाहीतर शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची कार्डं विक्रेत्यांच्या खोक्यांतून, लिलावांतून हुडकून विकत घ्यायची. बाहेरून हा एकच छंद वाटतो. मी दोन्ही केलं आहे, अजून करते, आणि कार्ड हातात पडल्यानंतरची संध्याकाळ दोन्हीकडे अगदी निराळी जाते. एकीकडे पत्र वाचायचं असतं, दुसरीकडे तपास करायचा असतो. तुम्हाला यातलं काय आवडेल, त्यावर बाकीचं सगळं अवलंबून आहे.

तिसरी वाट प्रवासात घेतलेल्या कोऱ्या कार्डांची. तिच्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही. ती कार्डं बॅगेत घालून आणण्यापेक्षा तिथूनच स्वतःच्या पत्त्यावर टाका, म्हणजे त्यांना तिथलं तिकीट आणि शिक्का मिळेल, एवढंच सांगते.

कार्ड 'कुठलं' म्हणजे नेमकं कुठलं?

कार्डाचं मूळ शोधण्याची हौस असेल तर हा प्रश्न आधी सोडवायला हवा. चित्र एका गावचं, छपाई दुसऱ्या गावची, प्रकाशक तिसऱ्या गावचा आणि शिक्का चौथ्याच गावचा, असं होऊ शकतं. नव्या कार्डांत ही गावं बहुधा शेजारी शेजारी असतात, आणि पाठवणाऱ्याला विचारायचीही सोय असते. जुन्या कार्डांत ती चार दिशांना पांगलेली असतात आणि विचारायला कोणी उरलेलं नसतं.

माझ्याकडच्याच एका कार्डाचं सांगते. समोर बंदर, डोलकाठ्यांची गर्दी, खाली लाल अक्षरांत 'ख्रिस्तियानिया'. आजच्या नकाशात हे शहर सापडणार नाही, कारण १ जानेवारी १९२५ पासून त्याचं नाव ओस्लो झालं. म्हणजे कार्ड त्याआधी छापलेलं. उलटून पाहिलं तर मागे मधली उभी रेघ नाही, सगळी जागा पत्त्याला दिलेली. मागची अर्धी बाजू मजकुरासाठी वापरायची मुभा आधी ब्रिटननं १९०२ मध्ये दिली, पुढच्या काही वर्षांत युरोपातले इतर देश त्याच्या मागून गेले, अमेरिकेत ती १ मार्च १९०७ ला मिळाली. त्याआधी जे काय लिहायचं ते चित्राच्या बाजूला. म्हणून त्या काळच्या चित्रांखाली किंवा कडेला पांढरी पट्टी सोडलेली दिसते. माझ्या कार्डावर त्या पट्टीत पेन्सिलीनं जर्मनमध्ये एवढंच लिहिलं आहे की सगळे सुखरूप पोहोचलो. काठावर मुंगीएवढ्या अक्षरांत ड्रेस्डेन. पहिल्या महायुद्धापूर्वी इतर देशांची कार्डंसुद्धा ढिगानं जर्मनीत छापून यायची, त्यामुळे यात नवल नाही. पण तिकीटही जर्मन आणि शिक्का हॅम्बुर्गचा, १९०३ चा. कोणीतरी बोटीनं नॉर्वे फिरून आलं, कार्ड खिशातच राहिलं आणि घरी पोहोचल्यावर पेटीत पडलं, असा माझा अंदाज.

एवढ्याला माझे दोन रविवार गेले. हा परिच्छेद वाचताना जांभई आली असेल तर जुन्या कार्डांच्या नादी लागू नका, उगाच खर्च होईल.

जुन्या कार्डांचा अभ्यास कसा चालतो

जगातलं पहिलं अधिकृत पोस्टकार्ड ऑस्ट्रिया-हंगेरीनं १ ऑक्टोबर १८६९ ला काढलं. कल्पना मांडली होती एमानुएल हेरमान या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकानं, आणि त्यावर चित्रबित्र काही नव्हतं. चित्रांचा सुकाळ आला तो १८९० नंतर. संग्राहकांची खरी झुंबड असते ती तिथपासून पहिल्या महायुद्धापर्यंतच्या कार्डांवर.

वय ओळखायच्या खुणा बहुतेक मागच्या बाजूला असतात. शिकागोच्या कर्ट टाइक कंपनीच्या कार्डांवर '५ए-एच' अशा धर्तीचा क्रमांक दिसतो. यातला 'ए' म्हणजे १९३० चं दशक, 'बी' म्हणजे १९४० चं, 'सी' म्हणजे १९५० चं. अक्षराआधीचा आकडा त्या दशकातलं वर्ष सांगतो. ५ए म्हणजे १९३५, झालं. त्या काळची कार्डं कापडासारख्या खरखरीत कागदावर, भडक रंगांत छापलेली असतात, आणि फोटोतले विजेचे खांब, तारा, नको ती माणसं कारागिरांनी बिनदिक्कत पुसून टाकलेली असतात. तेव्हा 'गाव तेव्हा असं दिसायचं' असं म्हणताना जरा बेतानं. या कंपनीचं दप्तर शिकागोच्या न्यूबेरी ग्रंथालयात आहे, त्यामुळे तिच्या कार्डांचा माग लागतो. लंडनच्या राफाएल टक या प्रकाशन कंपनीच्या बाबतीत उलटं. त्यांची इमारत २९ डिसेंबर १९४० च्या बाँबहल्ल्यात जळाली, नोंदीही गेल्या. आता टकच्या कार्डांच्या तारखा वापरलेल्या कार्डांवरच्या शिक्क्यांवरून जुळवाव्या लागतात. म्हणून माझं ठाम मत आहे की शिकायचं असेल तर कोरं करकरीत जुनं कार्ड घेऊ नये, टपालातून गेलेलं घ्यावं. सजवून ठेवणारे नेमकं उलटं सांगतील.

मात्र शिक्क्याची तारीख ही फोटोची तारीख नव्हे. एकच फोटो प्रकाशक वर्षानुवर्षं चालवत असत.

फसगतही इकडेच जास्त. फोटोच्या कागदावर थेट छापलेली कार्डं महाग असतात, कारण ती थोड्या प्रती काढलेली, लहान गावांची, एखाद्या पुराची किंवा जत्रेची असतात. तिकिटाच्या चौकोनात 'एझेडओ' (AZO) हे फोटोच्या कागदाचं छापील नाव आणि कोपऱ्यांत चार त्रिकोण असतील, चारही वर टोक केलेले, तर कागद साधारण १९०४ ते १९१८ मधला. दोन वर आणि दोन खाली असतील तर १९१८ ते १९३० मधला. हे पाठ करून मी मोठ्या तोऱ्यात एका पुराचं कार्ड घेतलं. त्रिकोण अगदी बरोबर होते. घरी येऊन भिंगाखाली धरलं तर पुराच्या पाण्यात ठिपकेच ठिपके. खऱ्या फोटोत ठिपके नसतात, छापील चित्रात असतात. कोणीतरी मूळ कार्डाची पुढची-मागची बाजू जशीच्या तशी छापली होती, त्रिकोणांसकट. विकणाऱ्यानं कार्ड परत घेतलं नाही. तेव्हापासून दहापट दाखवणारं भिंग खिशात असतं. अतिनील प्रकाशाचा छोटा दिवाही कामाला येतो: कागद निळसर पांढरा चकाकला तर तो बहुधा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला.

देवाणघेवाणीत काय मिळतं

इथलं मोठं नाव पोस्टक्रॉसिंग. पोर्तुगालच्या पाउलो मागाल्याइंश यांनी ते १४ जुलै २००५ ला सुरू केलं. पद्धत सोपी आहे. तुम्ही पत्ता मागता; संकेतस्थळ जगातल्या कुठल्या तरी सभासदाचा पत्ता आणि एक क्रमांक देतं. क्रमांक लिहून कार्ड पाठवायचं. ते पोहोचलं आणि समोरच्यानं त्याची नोंद केली की तुमचा पत्ता तिसऱ्याच कोणाला तरी जातो. ज्याला पाठवलं त्याच्याकडूनच परत येईल असं नाही. सुरुवातीला एका वेळी पाच पत्ते मिळतात. नवखे लोक हमखास क्रमांक लिहायचा विसरतात, किंवा लिहितात आणि त्यावर शिक्का बसतो. दोन ठिकाणी लिहा.

इथून मिळणारी माहिती वेगळ्या जातीची. फिनलंडहून मला एका तळ्याचं कार्ड आलं. चित्रात काही दम नव्हता, असली तळी शेकड्यानं येतात. मागे लिहिलं होतं की वसंतात बर्फ तडकतो तेव्हा गोळी सुटल्यासारखा आवाज येतो, आणि तो दिवस कोणता यावर घरात दरवर्षी पैज लागते, आजोबा नेहमी हरतात. ही गोष्ट कुठलं दप्तर धुंडाळून मिळणार? पण बरीचशी कार्डं अशी नसतात, हेही सांगायला हवं. आज पाऊस आहे, मला दोन मांजरं आहेत, भेट म्हणून हे कार्ड, संपलं. आपण स्वतः कार्डावर एखादा नेमका प्रश्न विचारला, तर नोंद करताना येणारं उत्तर पुष्कळदा कार्डापेक्षा रंगतदार निघतं.

'जगभरची' या शब्दाचाही विचार करा. देवाणघेवाणीत देश तुम्ही निवडत नाही, आणि सभासद जिथे जास्त तिथून कार्डं जास्त. जर्मनी, अमेरिका, नेदरलँड्स, फिनलंड, चीन, तैवान हे पुन्हा पुन्हा येतात. आफ्रिकेतले बरेचसे देश वर्षानुवर्षं येत नाहीत. जुन्या कार्डांचा नकाशा आगबोटींनी काढलेला. सुएझ कालव्याच्या तोंडाशी पोर्ट सईदला बोटी कोळसा भरायला थांबायच्या, उतारू तेवढ्यात खाली उतरून कार्डं घ्यायचे, म्हणून त्या एका बंदराची कार्डं आजही ढिगानं मिळतात आणि चार कोस आतल्या गावाचं एकही मिळत नाही. वसाहतींतल्या माणसांची कार्डं तर पुष्कळदा स्टुडिओत उभी करून, हातात कसलं तरी भांडं देऊन काढलेली. खालची ओळ फोटोतल्या माणसाची नसते, कार्ड विकणाऱ्याची असते. या बाबतीत नवं कार्ड मला जास्त भरवशाचं वाटतं, कारण तिथला माणूस स्वतःच्या हातानं स्वतःबद्दल लिहितो.

खर्च, जागा आणि पत्ता

देवाणघेवाणीत प्रत्येक कार्डामागे एक कार्ड आणि परदेशी टपालखर्च. तो थोडा थोडा, पण अखंड चालतो. जुन्या कार्डांत हवं तेव्हा थांबता येतं. अडचण अशी की थांबवत नाही. वरची मर्यादाही नाही: थिओडोर हूक या लेखकाला १८४० मध्ये आलेलं, हातानं रंगवलेलं, पेनी ब्लॅक तिकिटाचं कार्ड २००२ मध्ये लिलावात ३१,७५० पौंडांना गेलं.

अनोळखी माणसांना घरचा पत्ता द्यायचा नसेल तर टपाल कार्यालयातली पेटी घ्या, नाहीतर देवाणघेवाण सोडा. ठेवायला दोन्हींना पॉलिप्रॉपिलीनची किंवा पॉलिएस्टरची पाकिटं लागतात. पीव्हीसी नको, चिकटपट्टी नको, लॅमिनेशन तर नकोच. जुनी कार्डं साधारण ९ × १४ सेंटिमीटरची, नवी बहुधा १०.५ × १४.८ ची, म्हणून एकाच मापाचा अल्बम घेऊ नका.

मग निवडायचं काय?

कार्डांच्या मुळांचा अभ्यास हाच हेतू असेल तर माझं मत जुन्या, वापरलेल्या कार्डांना. पण सुरुवात तिथून करू नका. डोळा तयार नसताना माणूस पहिल्या वर्षी खोकंभर रद्दी जमवतो, मीही जमवली. आधी वर्षभर देवाणघेवाण करा. आलेली कार्डं देशावार न लावता विषयावार लावून बघा: पूल, हॉटेलं, रस्ते, बंदरं. वॉकर इव्हान्स या छायाचित्रकारानं आपली सुमारे ९,००० कार्डं अशीच विषयावार लावली होती. ती आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहेत. कुठल्या गठ्ठ्याकडे हात पुन्हा पुन्हा जातो ते कळलं की जुनी कार्डं फक्त त्याच विषयाची घ्या.

घाई करायची असेल तर ती देवाणघेवाणीची करा. डेन्मार्कच्या टपाल कंपनीनं २०२५ च्या अखेरीस पत्रं वाटणं बंद केलं, ते काम दुसऱ्या खासगी कंपनीकडे गेलं, आणि रस्त्यावरच्या लाल पेट्या उचलल्या गेल्या. जुनी कार्डं खोक्यात पडून राहतील, त्यांना काही होत नाही.

माझ्या बाबतीत दोन्ही वाटा एकदा एकमेकींना मिळाल्या. मला ओस्लोतल्या एका बाईंचा पत्ता मिळाला, तेव्हा कार्डावर ख्रिस्तियानियाच्या त्या बंदराचं वर्णन लिहून विचारलं की ही जागा कुठली असेल. त्यांनी नोंद करताना फोटो मागितला, मी पाठवला. महिन्याभरानं त्यांचं कार्ड आलं, जवळपास त्याच कोनातून काढलेलं: ब्योर्विकाची खाडी आणि २००८ मध्ये उघडलेलं पांढरं ऑपेरागृह. मागे लिहिलं होतं, "तुमची जहाजं जिथे उभी आहेत तिथे आता लोक छपरावरून फिरतात. मीही रविवारी जाते." दोन्ही कार्डं मी एकाच पाकिटात पाठीला पाठ लावून ठेवली आहेत. मापं जुळत नाहीत, नवं थोडं बाहेर डोकावतं.