महू रस्त्यावरचे ख्रिस्ती प्राध्यापकांचे शिबिर : एक अभिप्राय

इंदूरहून महूकडे जाताना मुख्य रस्ता सोडून थोडे आत गेले की एक जुने प्रार्थनागृह आणि त्याला लागून निवासाच्या काही खोल्या आहेत. महाविद्यालयांत आणि विश्वविद्यालयात शिकवणाऱ्या ख्रिस्ती मंडळींसाठी तेथे शुक्रवार ते रविवार असे निवासी शिबिर भरते. मी गेली एकोणीस वर्षे वनस्पतिशास्त्र शिकवतो आणि यंदा पावसाळ्यात प्रथमच या शिबिराला गेलो. पुढे दोन तक्रारी लिहिल्या आहेत, म्हणून संस्थेचे नाव देत नाही.

व्यवस्थेबद्दल थोडक्यात सांगतो. खोल्यांना ओल होती, गाद्या पातळ होत्या, जेवण मात्र उत्तम होते. सकाळी पोहे-जलेबी आणि रविवारी दाल-बाफले वाढणारे इंदूरकर यजमान गादीचा विसर पाडतात. भजने मराठी आणि हिंदी दोन्ही भाषांत झाली. समारोपाआधीच तिघांनी या शिबिराचे प्रमाणपत्र पदोन्नतीसाठी चालेल का, अशी चौकशी केली, यावरून आमच्या पेशाची सध्याची अवस्था कळावी.

शिबिराचे पैसे वसूल झाले ते शनिवारच्या एकाच सत्रात. सकाळी प्रत्येकाला वेगवेगळ्या विषयांतील सामान्य स्वरूपाच्या पाच उत्तरांच्या छायाप्रती दिल्या आणि दहापैकी गुण द्यायला सांगितले. दुपारी, जेवणानंतरच्या सुस्तीत, आणखी पाच उत्तरे आली. मी निमूटपणे तपासून दिली. मग संचालकांनी दोन कागद शेजारी-शेजारी ठेवले तेव्हा कळले की सकाळचे तिसरे उत्तर आणि दुपारचे पहिले उत्तर शब्दशः एकच होते. फक्त एक गिचमिड, खाडाखोड केलेल्या अक्षरात होते आणि दुसरे मोत्यासारख्या अक्षरात. मी पहिल्याला पाच आणि दुसऱ्याला साडेसात गुण दिले होते. मूल्यांकन केंद्रावर कॉपीवर, म्हणजे उत्तरपत्रिकेवर, नावाऐवजी सांकेतिक क्रमांक असतो, म्हणून आपण निःपक्ष आहोत असे मी इतकी वर्षे धरून चाललो होतो. अक्षराला क्रमांक देता येत नाही हे ध्यानातच आले नव्हते. त्यानंतर बायबलमधील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायातील तो उतारा वाचला गेला, ज्यात आपल्या थैलीत एक मोठे आणि एक लहान अशी दोन वजने ठेवू नयेत असे सांगितले आहे. हा उतारा मी लहानपणापासून ऐकत आलो आहे, पण तो किराणा दुकानदारासाठी आहे अशी माझी समजूत होती. त्यावर कोणी संदेश, म्हणजे प्रवचन, दिला नाही, ते फार बरे केले.

वर्गात श्रद्धेबद्दल काय बोलावे, या विषयावरचे सत्रही नेटके होते. संविधानाच्या अनुच्छेद 28 प्रमाणे पूर्णतः शासकीय निधीतून चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, आणि शासनमान्य किंवा अनुदानित संस्थेतही विद्यार्थ्याला त्याच्या किंवा पालकांच्या संमतीवाचून त्यात सहभागी करता येत नाही, हे वक्त्याने स्पष्ट सांगितले. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या तेविसाव्या अध्यायात येशू आपल्या शिष्यांना स्वतःला ‘रब्बी’ (गुरुजी) म्हणवून घेऊ नका असे सांगतो, याची आठवण ‘सर’ या संबोधनाची सवय झालेल्यांना करून देणे मला विशेष आवडले.

रविवारी सकाळचे विश्रांतीवरचे सत्र मात्र फसले. वक्ते एका मिशन महाविद्यालयातून निवृत्त झालेले पाळक होते. सातवा दिवस मोकळा ठेवा, फोन बंद करा, नॅकचे (महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या परिषदेचे) कागद घरी आणू नका, असा त्यांचा उपदेश होता. विश्वविद्यालय अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांत आठवड्याला 40 तासांचा कार्यभार आणि सहायक प्राध्यापकाला त्यांपैकी 16 तास प्रत्यक्ष अध्यापन असे लिहिले आहे. कॉप्यांचे गठ्ठे घरी येतात ते या हिशेबात कुठे बसवायचे, हा माझा प्रश्न अनुत्तरित राहिला. पण खरा प्रश्न मागच्या बाकावरून आला. शासकीय महाविद्यालयात अतिथी विद्वान, म्हणजे तात्पुरत्या प्राध्यापक, म्हणून काम करणाऱ्या एका तरुण बाईंनी उठून सांगितले की त्यांना कामाच्या दिवसाप्रमाणे मानधन मिळते आणि या शिबिरासाठी शुक्रवारचे मानधन सोडून त्या आल्या आहेत. पाळकसाहेब म्हणाले, “ताई, प्रभूवर विश्वास ठेवा.” बायबलमधील ज्या आज्ञेवर ते बोलत होते, तिच्यात विसावा धन्याइतकाच दास, दासी आणि वेशीच्या आतल्या परक्यालाही दिलेला आहे. माझ्यासारख्या कायम नोकरीवाल्याने आपल्या सुट्टीचे तास कोणाच्या अंगावर पडतात ते पाहावे, एवढा अर्थ तरी त्या सभागृहात निघायला हवा होता. कोणी काढला नाही. मीही तेव्हा गप्प राहिलो.

अभिप्रायाच्या कागदावर मी दोन सूचना लिहिल्या: शिबिर शनिवारी दुपारी सुरू करावे आणि अतिथी विद्वानांकडून शुल्क घेऊ नये. अद्याप उत्तर आलेले नाही. तरीही शनिवारच्या त्या सत्रासाठी मी हे शिबिर सुचवीन. जाताना घरची चादर न्यावी. मूल्यांकन केंद्रावर मी आता गठ्ठा संपल्यावर पहिल्या पाच कॉप्या पुन्हा उघडतो. त्यात अर्धा तास जास्त जातो आणि शेजारचे सहकारी घड्याळाकडे बघत बसतात.