एनिअग्राम वापरून आठ महिने झाले, तेव्हाचा अनुभव

गेले आठ महिने मी रोज रात्री वहीत तीन ओळी लिहिते: आज कुठे अडकले, तेव्हा अंगात काय जाणवलं आणि मला नेमकं काय हवं होतं. एनिअग्राम म्हणजे माणसांचे एक ते नऊ आकड्यांचे स्वभावप्रकार मांडणारी पद्धत. तिचा मला झालेला सगळा उपयोग या तीन ओळींतून झाला, चाचणीतून नाही.

चाचणीने मला 'दोन' ठरवलं होतं, म्हणजे मदत करणारी. वाचून बरं वाटलं. खरं तर तिथेच शंका यायला हवी होती. या पद्धतीत प्रत्येक आकड्याच्या मुळाशी एक विकार धरलेला आहे: दोनचा गर्व, चारचा मत्सर, सहाची भीती. षड्रिपू लहानपणापासून ऐकलेल्यांना हे नवं नाही. आपला खरा आकडा सापडतो तेव्हा चोरी पकडल्यासारखं होतं.

माझी चोरी तिसऱ्या महिन्यात पकडली गेली. नवऱ्याने टॉवेलच्या घड्या घालून ठेवल्या होत्या. तो बाहेर गेल्यावर मी त्या उलगडून पुन्हा घालत होते, आणि एकदम लक्षात आलं की माझे दात घट्ट आवळलेले आहेत. रात्री वहीची मागची पानं चाळली. 'जबडा' हा शब्द पानोपानी होता. मी 'एक' होते. सगळं नीटच व्हायला हवं, आणि होत नाही म्हणून आतल्या आत धुमसणारा राग. 'मला राग येत नाही' असं मी आजवर मनापासून सांगत आले. तो मला दिसतच नव्हता. मदतीलाही मी धावायचे ती समोरच्याचं काम चुकेल म्हणून.

हे प्राचीन गुप्त ज्ञान आहे, या प्रचारावर मात्र जाऊ नका. नऊ बिंदूंची आकृती गूढवादी गुरू गुर्जिएफ यांनी शिकवली, पण त्यावर माणसांचे प्रकार बसवले ते आध्यात्मिक शिक्षक ऑस्कर इचाझो यांनी. १९७० मध्ये चिलीतल्या आरिका इथे त्यांच्याकडे शिकलेले मनोविकारतज्ज्ञ क्लाउडिओ नारांहो यांनी पुढे त्याला मानसशास्त्राची जोड दिली. शास्त्रीय पुराव्याच्या बाबतीत ही पद्धत कच्चीच आहे. मी तिला आरशासारखी वापरते, निदानासारखी नाही.

सोळा प्रकारांची चार अक्षरी पद्धतही (एमबीटीआय) मी आधी वापरली होती. माझा कल कुठे आहे ते तिने सांगितलं. मी असं का वागते, याला तिने हात घातला नाही.

सगळ्यात मोठी चूक मी दुसऱ्यांना आकडे लावण्याची केली. एका भांडणात नवऱ्याला म्हणाले, "तू नऊ आहेस, म्हणून विषय टाळतोस." तो म्हणाला, "मी काय बोलतोय ते ऐक ना, आकडा कशाला?" त्याचं बरोबर होतं. त्या दिवसापासून आकडा फक्त स्वतःपुरता.

एकचा सद्गुण इचाझो यांनी शांतपणा सांगितला आहे. मी त्याचा अर्थ राग गिळणं असा घेत होते. फरक ध्यानाला बसल्यावर कळला. पूर्वी मन भरकटलं की मी स्वतःला फटकारून श्वासाकडे परत आणायचे, म्हणजे तिथेही घड्याच नीट करत होते. आता आतून 'चुकलं' असा आवाज येतो तेव्हा आधी तो पुरता ऐकते. जबडा सैल सोडते. मग श्वास आपोआप सापडतो, कधी सापडत नाही, आणि त्या दिवशी तशीच बसून राहते.