एप्रिलची महालक्ष्मी की पावसाळ्यातलं पुणे? ठाणे-नवी मुंबईकरांनी पहिली रेस कुठे पाहावी

घोडबंदरला किंवा खारघरला राहणाऱ्या माणसाला घोड्यांची रेस एकदा तरी स्वतःच्या डोळ्यांनी पाहायची असेल, तर जवळपास जागा दोनच. एक मुंबईचं महालक्ष्मी, दुसरा पुण्याच्या कॅम्पातला रेसकोर्स. दोन्ही चालवतो रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब. घोडे, ट्रेनर, जॉकी बरेचसे तेच. ऋतू मात्र वाटून घेतलेले आहेत. नोव्हेंबर ते एप्रिल महालक्ष्मी, मग घोडे ट्रकमधून घाट चढून वर जातात आणि जुलैपासून पुण्याचा हंगाम सुरू होतो. त्यामुळे मे महिन्यात गावाहून पाहुणे आले की त्यांना रेस दाखवू, हा बेत मनातून काढून टाका. उन्हाळ्यातली संध्याकाळ हवी असेल तर ती मार्च-एप्रिलची.

पहिल्यांदाच जाणाऱ्या ठाणेकराने महालक्ष्मीला जावं, असं माझं मत. नवी मुंबईकराचं गणित थोडं वेगळं पडतं.

आधी जाण्या-येण्याचं बघू, कारण अर्धे बेत तिथेच फसतात. ठाण्याहून फास्ट लोकलने दादर, तिथून वेस्टर्नची स्लो पकडून महालक्ष्मी, पुढे थोडं चालणं. एरवी तास-सव्वा तासाचं काम. पण रेस बहुतेक रविवारी आणि रविवारी मेगाब्लॉक! मध्य आणि हार्बरचा ब्लॉक साधारण दुपारी साडेतीन-चारपर्यंत चालतो, म्हणजे नेमका तुमच्या निघायच्या वेळेला. आदल्या दिवशी ब्लॉक कुठल्या मार्गावर आहे ते बघून घ्या. दिलासा एवढाच की परतताना ब्लॉक संपलेला असतो आणि रविवार रात्रीच्या गाडीत बसायला जागा मिळते. वाशी-नेरुळवाल्यांना कुर्ला आणि दादर अशा दोन ठिकाणी गाडी बदलावी लागते. उलव्याच्या माणसाकडे कार असेल तर अटल सेतूवरून शिवडीला उतरणं सगळ्यात सुटसुटीत. टोल एका फेरीचा अडीचशे रुपये, तो चौघांत वाटला तर जड नाही.

पुण्याला जायचं तर ठाण्याहून सकाळची इंद्रायणी आहे. पनवेल-खारघरकरांना एक्सप्रेसवे कळंबोलीपासूनच लागतो, त्यामुळे कागदावर पुणे त्यांना सोपं दिसतं. कागदावरच. जुलै-ऑगस्टच्या रविवारी भुशी डॅमला निघालेली अर्धी मुंबई तुमच्या पुढे असते आणि खंडाळ्याच्या घाटात पहिल्या दोन रेस निघून जातात. पुण्याला जायचंच असेल तर शनिवारी रात्री नातेवाइकांकडे मुक्काम करावा, किंवा पहाटे निघून पोहे कॅम्पातच खावेत.

आता मैदान. महालक्ष्मीचा रेसकोर्स 1883चा. शहराच्या ऐन मध्यात एवढी मोकळी हिरवळ, मागे उंच इमारती आणि संध्याकाळी समुद्रावरून येणारं वारं, हे पुण्यात नाही. एप्रिलच्या दुपारी इथे अंगाची लाही होते, हेही तितकंच खरं. पण सगळ्या रेस पाहायलाच हव्यात असं कुठे आहे? पहिल्या दोन-तीन सोडा. ऊन कलल्यावर पोहोचलात तर शेवटच्या तीन-चार रेस सुखाने पाहता येतात, आणि नवख्याला तेवढ्या पुरतात. दोन रेसमध्ये साधारण अर्धा तास जातो. प्रत्यक्ष धावणं मात्र डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच संपतं: 1200 मीटरची रेस सव्वा मिनिटाच्या आत आटोपते. म्हणून मधल्या अर्ध्या तासात काय करायचं हे ठाऊक हवं. स्टँडवर भेळ खात बसू नका, पॅडॉकपाशी जा. रेसआधी घोडे तिथे गोल फिरवतात. कुठला घोडा घामाने निथळतोय, कुठला मान ताणून मोतद्दाराला ओढतोय, कुठला निवांत चाललाय, हे दोन हातांवरून दिसतं. मला विचाराल तर तिकिटाचे पैसे इथेच वसूल होतात.

पॅडॉकचं सुख पुण्यात जास्त. तो रेसकोर्स 1830चा, लष्कराच्या जमिनीवर, आणि तिथली गर्दी सुटसुटीत. हवा गार, घोडेही ताजे. पण पावसाने जमीन मऊ झाली की सगळे आडाखे बदलतात. रेसच्या दिवशी काठीसारखं एक उपकरण जमिनीत किती रुततं ते मोजून आकडा जाहीर करतात. जाणकार आधी तो आकडा बघतात, मग घोडा. कोरड्या ट्रॅकवर वाऱ्यासारखा सुटणारा फेव्हरिट, म्हणजे ज्याच्यावर सगळ्यांचे पैसे तो घोडा, चिखलात मागे पडतो. ज्याला यात रस आहे त्याच्यासाठी पुणे म्हणजे मेजवानी. नवखा मात्र नुसता गोंधळतो.

मोठ्या रेसचं काय? एप्रिलमध्ये त्यांची आशा फारशी धरू नका. हंगामातली सगळ्यात नावाजलेली रेस, इंडियन डर्बी, फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी होऊन गेलेली असते. उरलेल्या असतात बहुतेक हँडिकॅप रेस, म्हणजे चांगल्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन देऊन सगळ्यांना बरोबरीला आणायचं. नाव मोठं नसलं तरी चुरस याच रेसना असते, चार-पाच घोडे एका ओळीत येतात. नामांकित घोडेच पाहायचे असतील तर सप्टेंबरात पुण्याला इंडियन सेंट लेजर असते, 2800 मीटरची. डर्बीच्या दिवशी महालक्ष्मीला जाण्यात मला तरी राम वाटत नाही. नटूनथटून आलेल्यांच्या टोप्या दिसतात, घोडे दिसत नाहीत.

पैशांचं बोलायलाच हवं, कारण घरी पहिला प्रश्न तोच येतो. ‘रेसच्या नादाने घरं बुडाली’ हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत, आणि ते उगाच नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली घोड्यांची रेस हा कौशल्याचा खेळ ठरवला, तरी खिशाला कायदा कळत नाही. त्यात 22 सप्टेंबर 2025 पासून रेसवर पैसे लावण्यावरचा जीएसटी 40 टक्के झाला आहे, आधी तो 28 होता. एवढा कर भरून वर्षअखेर फायद्यात राहणारा पंटर, म्हणजे पैसे लावणारा, मला भेटायचाय. सिनेमाला चौघांचे जेवढे घालवता तेवढे पाकिटात वेगळे ठेवा, ते संपले की नुसतं बघा. लावायचेच असतील तर टोटवर, म्हणजे क्लबच्या खिडकीवर, ‘प्लेस’ लावा: घोडा पहिल्या तिनांत आला तरी पैसे मिळतात, घोडे कमी असले तर मात्र पहिल्या दोनांत यावा लागतो. टोटवर सगळ्यांचे पैसे एका गल्ल्यात जमतात आणि कपात करून उरलेले जिंकणाऱ्यांत वाटतात, त्यामुळे भाव, म्हणजे जिंकल्यास रुपयामागे किती मिळणार ते, रेस सुटेपर्यंत हलतो. बुकीकडे तुम्ही घेतलात तो भाव पक्का, पण तिथली घाई नवख्याच्या कामाची नाही. एक पैसाही न लावता संध्याकाळ छान जाते, हेही सांगून ठेवतो.

महालक्ष्मी आता बंदच होणार, बाग होणार, म्हणून घाईने जायचं असं कुणी म्हणत असेल तर तसं नाही. 2024च्या निर्णयानुसार 120 एकर जमीन महापालिकेच्या उद्यानासाठी गेली, पण 91 एकर क्लबकडे भाडेपट्ट्याने 2053 पर्यंत आहे. हा एप्रिल हुकला तर पुढचा आहे.

राहता राहिला खारघर-पनवेलचा प्रश्न. पुण्यात मुक्कामाची सोय असेल आणि बरोबर वयस्कर माणसं असतील, तर त्यांना एप्रिलच्या उकाड्यात दोनदा गाड्या बदलायला लावण्यापेक्षा सप्टेंबरचं पुणे बरं; तोवर घाटातली गर्दीही ओसरते. मुक्काम जमत नसेल तर महालक्ष्मीच, आणि चारच्या आत घर सोडू नका.