दुरुस्तीला दिलेली फोल्डिंग सायकल परत आली, पण मागचं चाक माझं नव्हतं

ठाण्यात आणि नवी मुंबईत आता फोल्डिंग सायकली बऱ्याच दिसतात. ज्यांच्या घरी अशी सायकल आहे आणि जे ती 'अपग्रेड'ला टाकायच्या विचारात आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. माझ्या सायकलचं मागचं अख्खं चाक काढून घेऊन मला हलक्या प्रतीचं चाक लावून दिलं गेलं, वर त्याचे पैसेही घेतले गेले. हे करणाऱ्याचं नवी मुंबईत नीटनेटकं वर्कशॉप आहे, सायकलवाल्यांत त्याची बऱ्यापैकी ओळख आहे आणि तो अतिशय गोड बोलतो. माझ्या ओळखीच्या तिघाचौघांनी त्याचंच नाव सुचवलं होतं.

सायकल दहॉन कंपनीची, २० इंची, अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमची. मावसभाऊ सिंगापूरची नोकरी सोडून परत आला तेव्हा त्याने ती मला दिली. मी नौपाड्यात राहते, नोकरी महाप्याला. आमची इमारत जुनी, लिफ्ट नाही, खाली सायकल लावायला हातभर जागा नाही. स्टेशनपर्यंत सायकल, मग घडी करून कव्हरात घालायची आणि ट्रान्सहार्बर लाइनची लोकल पकडायची. गाडी ठाण्याहूनच सुटते, त्यामुळे लवकर गेलं की दाराजवळचा कोपरा मिळतो. कोपरखैरण्याला उतरलं की पुन्हा सायकल. रिक्षाच्या रांगेतून माझी सुटका या सायकलने केली, आणि तिची निगा मी मनापासून राखते. खाडीची खारट हवा आणि चार महिन्यांचा पाऊस, यात चेन आठवडाभर विसरली तरी लाल पडते. दर रविवारी चेन पुसून तेल देणं आणि फ्रेमची घडी होते ती बिजागरी फडक्याने साफ करणं ठरलेलं.

काम काढलं कारण चेन ताणली होती. हे मोजायला महागडं हत्यार लागत नाही. चेनच्या एका जोडकडीची लांबी बरोबर १ इंच असते. पट्टीचं शून्य एका पिनच्या मध्यावर धरलं की नव्या चेनची बारावी जोडकडी बरोबर १२ इंचांवर संपते. ती पिन इंचाच्या सोळाव्या भागाएवढी पुढे गेली की चेन बदलायची वेळ झाली. आठव्या भागाएवढी पुढे गेली असेल, तर चेनबरोबर मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्याही झिजलेल्या असतात. माझं तेच झालं होतं. शिवाय सुट्टीच्या सकाळी उपवनवरून येऊरचा चढ चढायची हौस आहे, त्यासाठी थोडा हलका गिअर हवा होता. म्हणून ११ ते ३४ दातांची कॅसेट, म्हणजे मागच्या आठ चकत्यांचा संच, नवी चेन, पंक्चर कमी होणारे टायर, मागच्या हबचं, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याचं, ग्रीसिंग आणि जरा सैल वाटणाऱ्या बिजागरीचं काम, असं सगळं ठरलं. यादी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून दिली. वर्कशॉपवाल्याने १४ हजार सांगितले, निम्मे आधी. बिल मागितलं तर म्हणाला, "ताई, सायकल न्यायला याल ना, तेव्हा देतो की."

त्यानंतर एक वाक्य वारंवार ऐकू यायला लागलं: "हे भारतात मिळत नाही, मागवावं लागतं." या वाक्याच्या आडूनच सगळा व्यवहार फिरवला जातो, म्हणून यावर जरा थांबते.

वाक्य अर्धं खरं आहे. साध्या सायकलच्या पुढच्या हबची रुंदी १०० मिलिमीटर असते, तर दहॉन आणि टर्न या कंपन्यांच्या बहुतेक मॉडेलांची ७४. सीटपोस्ट, म्हणजे सीटखालचा दांडा, ३३.९ मिलिमीटर जाडीचा, एरवीच्या सायकलींपेक्षा बराच जाड. '२० इंची' म्हणून दोन वेगवेगळे टायर विकले जातात: एक ४०६ मिलिमीटर व्यासाच्या रिमचा, दुसरा ४५१ च्या रिमचा. एकाचा टायर दुसऱ्यावर बसणारच नाही. १६ इंचीतही तेच, ३०५ आणि ३४९. ब्रॉम्प्टन कंपनीच्या सायकलचं चाक ३४९ चं. टायरच्या कडेवर बारीक अक्षरात ४७-४०६ किंवा ३७-४५१ असा आकडा असतो, तोच खरा. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा रिमचा व्यास. एका ओळखीच्या मुलाला ऐरोलीत ४०६ च्या रिमसाठी ४५१ चे टायर विकले, आणि "आकार वेगळा असेल तर मागे घेत नाही" म्हणून हात झटकले.

पण मागची बाजू तशी नसते. कॅसेट, चेन, ब्रेकचे रबर, केबल हे सगळं इतर गिअरच्या सायकलींसारखंच. आठ चकत्यांची शिमानोची ११ ते ३४ ची कॅसेट इथे सहज मिळते. फोल्डिंग सायकलचं काही तरी वेगळं असतं एवढंच गिऱ्हाइकाला माहीत असतं. नेमकं काय वेगळं आणि काय सारखं, याची फोड कुणी करत नाही, आणि त्या धुक्यात कोणतीही वस्तू 'इम्पोर्टेड' होते.

पार्सल आज येतंय, उद्या येतंय, असं बरंच लांबलं. शेवटी सायकल मिळाली ती चकाचक. मागे आठच्या आठ चकत्या, नवी चेन, नवे टायर. बिलाऐवजी साध्या कागदावर आकडे. बिजागरीसमोर लिहिलं होतं, 'इम्पोर्टेड पिन १८००'. मी यूपीआयने उरलेले पैसे दिले आणि घरी आले.

पहिली शंका आली ती ठाणे-बेलापूर रस्त्यावर. सगळ्यात जड गिअर टाकला तरी पाय रिकामे फिरत होते. घरी येऊन सगळ्यात लहान चकतीचे दात मोजले, तर तेरा. आता हिशोब बघा. पुढची चकती ५२ दातांची, चाकाचा घेर साधारण दीड मीटर. मागे ११ दात असतील तर पेडलच्या एका फेरीत सायकल सात मीटरच्या वर जाते, १३ असतील तर सहा मीटर. लहान चाकाला ती एक मीटर फार मोलाची. त्याला फोन केला. तो म्हणाला, "ताई, फोल्डिंगला तेरापासूनच सुरू होते." हे धादांत खोटं. काढलेली जुनी कॅसेट अकरापासूनच सुरू होत होती.

मग एके दिवशी महाप्याच्या खड्ड्यांतून जाताना मागचं चाक डुलायला लागलं. कोपरीत एक काका वर्षानुवर्षं सायकली दुरुस्त करतात, त्यांच्याकडे नेली. त्यांनी चाक काढलं, हातात घेऊन उलटसुलट फिरवलं आणि म्हणाले, "पोरी, एक्सल वाकलाय. आणि हे चाक या सायकलीचं नाही." एक्सल म्हणजे चाकाच्या मधला आस.

मागच्या चकत्या दोन पद्धतींनी बसतात. जुन्या पद्धतीत हबला आटे असतात आणि सगळ्या चकत्यांचा एक गोळा, म्हणजे फ्रीव्हील, त्यावर फिरवून घट्ट बसवतात. दुसऱ्या पद्धतीत, फ्रीहबमध्ये, मोकळं फिरणारी यंत्रणा हबमध्येच असते आणि कॅसेट त्यावर सरकवून वरून रिंग आवळतात. फरक नुसत्या किमतीचा नाही. फ्रीहबमध्ये उजवीकडचे छर्रे पार बाहेरच्या टोकाला असतात, त्यामुळे एक्सलला दोन्ही टोकांना आधार मिळतो. आट्यांच्या हबवर आठ चकत्यांचा गोळा बसवला की छर्रे आत राहतात आणि एक्सलचा लांब तुकडा आधाराविना उरतो. खड्डे आणि वजन यांनी तो वाकतो, कधी तुटतो. माझा वाकला होता.

ओळखायचं कसं, ते काकांनी दाखवलं, आणि घरी कुणालाही जमेल. सगळ्यात लहान चकतीच्या मध्यभागी हत्यार अडकवायच्या खाचा दिसतात. चकत्या उलट्या फिरवा. खाचा चकत्यांबरोबर फिरल्या तर कॅसेट. चकत्या फिरल्या आणि खाचा जागीच राहिल्या तर फ्रीव्हील. सायकल ताब्यात घेताना दुकानातच, पैसे द्यायच्या आधी, हे करता येतं.

बिजागरीचं जे निघालं त्याने मात्र मला खरोखर भीती वाटली. काकांनी फ्रेम उघडली आणि बिजागरीच्या दोन पट्ट्यांच्या मधून पत्र्याची कापलेली पट्टी बाहेर काढली. कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा, त्यावरची छपाईसुद्धा शिल्लक होती. लॅच, म्हणजे बिजागरी बंद करून आवळायची कळ, सैल लागत होती, ती घट्ट वाटावी म्हणून भरीला घातलेला. पिन जुनीच होती, तिच्या डोक्यावरचा कंपनीचा रंगही उडालेला नव्हता. म्हणजे तिला पाना लागलाच नव्हता.

फोल्डिंग सायकलवर बसलेल्या माणसाच्या वजनाचा मोठा ताण त्या एका सांध्यावर येतो. दोन्ही पट्ट्या सपाट, एकमेकींना पूर्ण चिकटून बसल्या तरच तो भार सगळीकडे वाटला जातो. मध्ये पत्रा आला की भार एका कडेवर येतो. अ‍ॅल्युमिनियम तसा भार पुन्हा पुन्हा सोसत नाही, वेल्डिंगच्या कडेने बारीक चीर पडते आणि ती वाढत जाते. कळव्याच्या पुलावर, मागे बस असताना फ्रेम मधोमध उघडली असती तर काय झालं असतं, हे मी मनात आणूही शकत नाही. खरं काम होतं ते केवढं? लॅचच्या बोल्टचा ताण पान्याने किंचित वाढवायचा, एवढंच. काकांनी ते तिथल्या तिथे केलं.

आपली बिजागरी तुम्हीही बघा. सायकल उघडून उभी करा, पुढचा ब्रेक दाबून धरा आणि सायकल पुढेमागे हलवा, दुसऱ्या हाताची बोटं सांध्यावर ठेवून. पट्ट्या एकमेकींवर सरकताना जाणवल्या तर लॅचचा ताण तपासायला हवा. साबणाच्या पाण्याने सांधा धुऊन टॉर्चच्या उजेडात वेल्डिंगच्या कडा न्याहाळा. रंगात केसासारखी रेघ दिसली, किंवा तेवढ्याच भागावर नवा रंग दिसला, तर ती सायकल चालवू नका. चीर पडलेल्या सांध्याला "वेल्डिंग मारून देतो" म्हणणाऱ्यालाही देऊ नका. वेल्डिंगच्या उष्णतेने आजूबाजूचं अ‍ॅल्युमिनियम नरम पडतं, आणि त्याची ताकद परत आणायची भट्टीची प्रक्रिया कोपऱ्यावरच्या गॅरेजात होत नाही.

मी पुन्हा त्या वर्कशॉपला गेले. आधी म्हणाला चाक तेच आहे. भावाने सायकल देताना काढलेले फोटो दाखवले, त्यात हबवरचं शिमानोचं नाव स्पष्ट वाचता येत होतं. तेव्हा म्हणाला, "जुनं चाक आऊट होतं, फेकून दिलं. भंगार घेऊन काय करणार होतात, ताई?" काही दिवसांनी बदली चाक शोधताना जुन्या वस्तूंच्या एका अ‍ॅपवर 'ओरिजिनल इम्पोर्टेड फोल्डिंग व्हील' अशी नवी मुंबईची जाहिरात सापडली. रिमवर, व्हॉल्व्हशेजारी, माझ्या भाचीने चिकटवलेल्या चांदणीच्या स्टिकरचा उरलेला अर्धा तुकडा. मी त्याचे स्क्रीनशॉट काढून ठेवले. ते पाठवल्यावर त्याने काही पैसे परत केले आणि जाहिरात काढली. चाक मात्र दिलं नाही.

त्याच शोधात दुसरा सापळाही समोर आला. एकाने आपण फौजी आहोत, बदली झाली आहे, फोल्डिंग सायकल अगदी स्वस्तात देतो म्हणून सांगितलं, ओळखपत्राचा फोटो पाठवला आणि वाहतुकीचे पैसे आगाऊ मागितले. ही पद्धत देशभर चालते, सैन्याशी तिचा काही संबंध नसतो. सायकल विकणाऱ्यांना याच्या उलट गाठतात: "पैसे पाठवतो, क्यूआर स्कॅन करून पिन टाका." यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, फोन करा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत पसरतात.

वर्कशॉपवाल्याविरुद्ध मी आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली. तिथे मराठीतही बोलता येतं. आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाते आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे जिथे आपण राहतो किंवा नोकरी करतो तिथल्या आयोगाकडेही तक्रार करता येते, दुकान कुठेही असो. मुदत दोन वर्षांची. व्यवहार ५ लाखांपर्यंतचा असेल तर फी नाही, वकील लावायची सक्ती नाही. आणि बिल न देणं हीच मुळी या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे, त्यामुळे "बिलच नाही तर तक्रार कशाची" असं कुणी म्हटलं तर गप्प बसू नका. यूपीआयची नोंद आणि व्हॉट्सअ‍ॅपवरची यादी मी पुरावा म्हणून जोडते आहे. विश्वासाने दिलेली वस्तू परस्पर विकणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली फौजदारी गुन्हाही आहे, त्याचा अर्ज वेगळा दिला आहे.

सायकल कुणाकडेही टाकताना, माणूस कितीही ओळखीचा असला तरी, पेडलच्या एक्सलच्या नळीखाली कोरलेला फ्रेम नंबर, दोन्ही हबवरची अक्षरं, डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग), शिफ्टर (हँडलवरची गिअर बदलायची कळ) आणि टायरच्या कडेवरचा आकडा, यांचे जवळून फोटो दुकानातच, त्याच्या देखत काढा आणि तिथूनच त्याला व्हॉट्सअ‍ॅप करा. त्याच मेसेजमध्ये लिहा: काढलेले सगळे जुने भाग परत हवेत. झिजलेली चेन असो की फाटका टायर, ते तुमचे आहेत. नव्या भागांचे रिकामे खोकेही मागून घ्या. यावर जो कुरकुर करेल, त्याच्याकडे सायकल ठेवू नका.

काकांनी मला शिमानोचा फ्रीहब घालून ४०६ च्या रिमवर नवं चाक बांधून दिलं, आऊट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा, काढून, छर्र्यांना ग्रीस भरून. चाकाचं बिल न मागता हातात ठेवलं, आणि वाकलेला एक्सल कागदात गुंडाळून दिला. तो तक्रारीबरोबर जोडायचा आहे. त्या वर्कशॉपमध्ये आणखी दोघांच्या सायकलींचं असंच झाल्याचं मला कळलं आहे, आणि त्यातल्या एकाने स्वतंत्र तक्रार द्यायची तयारी दाखवली आहे.