इलेक्टिव्ह: पंधरवड्याचे की वर्षभराचे?

तिसऱ्या एमबीबीएसच्या पहिल्या भागाची परीक्षा, म्हणजे विद्यार्थ्यांच्या बोलीतली ‘थर्ड मायनर’, आटोपली की पुण्यातील वैद्यकीय महाविद्यालयांत इलेक्टिव्ह, म्हणजे विद्यार्थ्याने स्वतः निवडलेल्या विषयातील काम, कोठे करावे याची चर्चा सुरू होते. 2019च्या अभ्यासक्रमाने त्यासाठी दोन महिने राखून ठेवले होते. 2023च्या मार्गदर्शक तत्त्वांनी ते एका महिन्यावर, पंधरा-पंधरा दिवसांच्या दोन टप्प्यांवर आणले. हजेरी आणि लॉगबुक यांची अट असल्यामुळे एवढे तर प्रत्येकाला करावेच लागते. निर्णय घ्यायचा तो पुढचा: तेवढ्यावर थांबावे, की त्याच विषयाला धरून, नेहमीच्या पोस्टिंगा, म्हणजे रुग्णालयातील विभागवार पाळ्या, सांभाळत आणि आठवड्यातील एखादी दुपार देत, वर्षभराचे काम अंगावर घ्यावे?

जे काही दिवसांतच घडून संपते, ते शिकण्यास पंधरवडा पुरतो. डेंग्यूचा रुग्ण दाखल होतो, त्याच्या प्लेटलेट उतरतात, पुन्हा चढतात आणि बहुधा आठवड्याभरात तो घरी जातो. विद्यार्थ्याला हा सारा प्रवास डोळ्यांदेखत पाहता येतो. अतिदक्षता विभाग, अपघात विभाग, रक्तपेढी यांचेही तसेच. पुढे भूलशास्त्र घ्यावे की अस्थिरोग, एवढेच ज्याला चाचपून पाहायचे आहे, त्याने वर्षभराच्या कामाच्या वाटेला जाऊ नये, असे माझे मत आहे.

क्षयरोगाचे गणित मात्र वेगळे आहे. औषधांना दाद देणाऱ्या क्षयरोगाचा नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा असतो: पहिले दोन महिने चार औषधे आणि नंतरचे चार महिने तीन. पहिल्या टप्प्याच्या अखेरीस थुंकीची पुन्हा तपासणी होते. म्हणजे पंधरा दिवसांच्या विद्यार्थ्याला निदान आणि पहिल्या गोळ्या दिसतात, ती तपासणीसुद्धा दिसत नाही. खरी अडचण तर त्यानंतर सुरू होते, कारण खोकला थांबतो, वजन वाढू लागते, रुग्ण कामावर जाऊ लागतो आणि बरे वाटते म्हणून गोळ्या सोडतो. उपचारपत्रिकेवरील वजनाचा रकाना महिन्यामागून महिना ज्याने स्वतः भरला आहे, त्याला औषध लिहून देणे आणि ते पोटात जाणे यांतील अंतर व्याख्यानाविना कळते. मधुमेह आणि गर्भारपण यांनाही हेच लागू पडते.

संशोधनाकडे ओढा असेल तर आधी वेळापत्रक पाहावे. रुग्णांशी संबंधित कोणत्याही अभ्यासाला नैतिकता समितीची मंजुरी लागते आणि पंधरवडा तिची वाट पाहण्यातच निघून जाऊ शकतो. म्हणून छोट्या टप्प्यात आधीच सुरू असलेल्या प्रकल्पात सहभागी होणेच शहाणपणाचे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) 1979पासूनची अल्पकालीन विद्यार्थी-संशोधन योजना दोन महिन्यांची आहे, हा या दोहोंमधला मार्ग.

ग्रामीण कामात दीर्घ मुदतीचे पारडे सर्वांत जड ठरते. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाने 1971पासून विद्यार्थ्यांना नऊ-नऊ महिने खेड्यांत ठेवण्याचा उपक्रम चालवला, तोही याच विचाराने. आपल्याकडे कुटुंब दत्तक कार्यक्रमामुळे विद्यार्थ्याची गावातील काही कुटुंबांशी पहिल्या वर्षापासून ओळख झालेली असते. नवे गाव शोधण्यापेक्षा त्याच घरांतील रक्तदाबाच्या किंवा कुपोषणाच्या प्रश्नाला वर्षभर धरून राहणे सोपे जाते. लोकसंख्येच्या दीर्घकालीन नोंदी कशा ठेवल्या जातात हे पाहायचे असेल, तर पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राचे शिरूर तालुक्यातील वढू येथील काम समजून घ्यावे.

दीर्घ मुदतीची किंमतही कमी नाही. अंतिम वर्षाचा अभ्यास आणि नीट-पीजी या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेची तयारी त्याच काळात येते, आणि या कामाचा नीट-पीजीत एकही गुण मिळत नाही. क्लासच्या दुपारीच गावाला जाण्याची वेळ आली, तर बहुतेक जण क्लास निवडतात, आणि त्यांना दोष देता येत नाही. शिवाय शासकीय महाविद्यालयांत गाइडची बदली होऊ शकते. म्हणून होकार देण्यापूर्वी दुसऱ्या शिक्षकाचे नाव, आठवड्यातील ठरलेला दिवस आणि परीक्षेपूर्वी काम किती आठवडे थांबवता येईल, या तीन गोष्टी विभागप्रमुखांकडून लेखी घ्याव्यात. त्या मिळत नसतील, तर पंधरवड्याचेच इलेक्टिव्ह मन लावून करावे.