शंखी गोगलगाय की झाकणवाली सायक्लोफोरस?

सोलापूरकडच्या बांधावर पावसाळ्यात सोयाबीन कुरतडणारी मोठी गोगलगाय म्हणजे शंखी, मूळची पूर्व आफ्रिकेची. १८४७ मध्ये ती कलकत्त्यात सोडली गेली. सायक्लोफोरस या झाकणवाल्या गोगलगायीसाठी मात्र सह्याद्रीच्या ओल्या जंगलातला पालापाचोळा चाळावा लागतो.

खरा फरक कवचाच्या तोंडाशी. सायक्लोफोरस अंग आत ओढते आणि पायावरचं गोल, शिंगासारखं झाकण दार नेमकं बंद करतं. किती सुबक रचना! शंखीला झाकण नाही. कोरड्या दिवसांत ती वाळलेल्या चिकट स्रावाचा पडदा धरते.

सायक्लोफोरसमध्ये नर-मादी वेगळे. शंखी उभयलिंगी, शंभराहून जास्त अंडी एकदम घालते, म्हणूनच शेतात इतकी फोफावते. तिला संध्याकाळी वेचून मिठाच्या पाण्यात टाका. जंगलात झाकणवाली दिसली, तर नुसतं बघा, उचलू नका.